सीटबेल्टातलं डांगर

भैरूने डांगराला सीटबेल्ट बांधला तेव्हा ते डांगर लिंबाएवढं होतं.

बेल्ट कंपनीचाच होता. चाकणच्या ज्या कंपनीत भैरूने सगळी नोकरी काढली, तिथे गाड्यांचे सीटबेल्ट तयार होतात आणि ताण देऊन तपासलेले तुकडे भंगारात जातात. त्यातला एक भारा त्याने रीतसर गेटपास करून तळवड्याला घरी आणला. घराच्या स्लॅबवर लोखंडी अँगलची भक्कम तिवई उभी केली. घरामागेच युनूसचं गॅरेज आहे. त्याच्याकडून चेनपुली मागून आणली, ती तिवईला टांगली, तिच्या आकड्याला बेल्टांचं शिंकं विणून अडकवलं, आणि त्या शिंक्यात, देठाला धक्का न लावता, ते हिरवं लिंबू अलगद ठेवलं.

युनूस कमरेवर हात ठेवून बघत होता. "दादा, ह्या पुलीनं मी टेम्पोचं इंजिन उचलतो."

"ठाव हाय मला," भैरू म्हणाला. "सध्या हिच्यावर भागवू. पुढं मोठी बघू."

आता भैरू काही वेडा नव्हता. कामाला तर इतका चोख, की त्याने तपासलेला बेल्ट कधी परत आला नाही. फक्त बोलायला लागला की त्याला ब्रेक नसे. त्याच्या बीडकडच्या गावात एक विहीर होती आणि त्या विहिरीत एक कासव होतं. पोहरा सोडला की ते तो भरून पाठीवर घ्यायचं आणि वर आणून द्यायचं. त्याच्या आजोबांचा बैल एवढा ताकदीचा, की नांगर ओढायला लावणं सोपं होतं, थांबवायला गाव गोळा करावं लागे. असल्या गोष्टींवर कंपनीतल्या कितीतरी पोरांनी चहा प्यायला. ऐकायला सगळे यायचे, मानायचं कुणीच नाही.

आषाढात असंच टपरीवर डांगराचं निघालं. शहरातले लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात ते.

"आमच्याकडं डांगर बैलगाडीतनं आणत्यात," भैरू म्हणाला. "एका गाडीत एक."

सुजित त्याचा सुपरवायझर. वयाने पोराएवढा, पण हातात टॅब असल्यामुळे साहेब. त्याने विचारलं, "काका, मग तसल्या एका डांगराची भाजी किती जणांना पुरते?"

"आपल्या शिफ्टला पुरून उरंल."

"मग होऊनच जाऊ द्या. दसरा झाला की तुमचा निरोप समारंभ आहे. तुमच्या घरचं डांगर, जेवायला सगळी शिफ्ट."

"आन पुरलं तर?"

"तर तुमचं कासव खरं, बैल खरा, सगळं खरं. मी स्वतः माइकवर सांगतो."

"आन न्हाई पुरलं तर?"

"तर माइक तुमच्या हातात. आजवर जे बोललो ते सगळं खोटं होतं, एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं."

पोरं हसली. भैरूही हसला, पण चहा अर्धाच ठेवून उठला. बैलाचं एक वेळ सोडा. कासव त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढच्याच सुट्टीत तो गावी गेला आणि राखेत घोळलेल्या बियांची पुरचुंडी शर्टाच्या खिशात घालून आला. बिया स्लॅबवरच्या मोठ्या पिंपात पेरल्या, आणि श्रावण लागला तसा वेल जो निघाला तो पाहून गल्लीतली माणसं जिन्यावर थांबायला लागली. सकाळी कपडे वाळत घालायला दोरी रिकामी, संध्याकाळी त्याच दोरीवर पानं वाळत घातलेली. युनूसचा पाना एकदा कठड्यावर राहिला, तर त्याला वेलाच्या तणाव्याने असा विळखा घातला की तो सोडवून घ्यायला युनूसला वेलाची मनधरणी करावी लागली. हे युनूस स्वतः सांगतो, आणि तो खोटं बोलणाऱ्यातला नाही.

बायकोने, मंजुळाबाईने, पहाटे नराचं फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलल्या आणि गाठ असलेल्या मादीच्या फुलात ते हलकेच फिरवलं. फळ धरलं. मग भैरूने त्या वेलावरची बाकीची सगळी पिल्लं खुडून टाकली.

"अहो, राहू द्या की दोन-चार," मंजुळाबाई म्हणाली.

"घरात एक पैलवान करायचा असंल तर दूध एकालाच पाजायचं."

खुडलेली पिल्लं मंजुळाबाईने चिरून लसणाच्या फोडणीवर नुसती परतली, वर मीठ आणि चिमूटभर तिखट. लोण्यासारखी शिजली. भैरूने भाकरीवर भाकरी घेतली आणि भाजी कशाची हे विचारायचंच विसरला.

आणि मग तो बोटाचा नियम आला. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे त्याच्या गावात पोरंसुद्धा जाणतात. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून, पेराने दाखवायचं. भैरूने जिन्याच्या दारातच सगळ्यांना सांगून टाकलं. लोक वर येत, हात पाठीमागे बांधत आणि हनुवटीने डांगर दाखवत. कुरिअरवाला कुठे सही करायची ते कोपराने दाखवून गेला.

कंपनीत भैरू रोज मोबाइलवर फोटो न्यायचा. फोटो अगदी जवळून काढलेला. शेजारी काही ठेवायचं नाही, कारण त्याची सावली पडली तर वाढ खुंटेल. त्यामुळे स्क्रीनवर या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसतं डांगर, त्यावर उभ्या रेषा, आणि मागे तो सीटबेल्ट, जो प्रत्येकाच्या ओळखीचा होता आणि किती भार पेलतो हे प्रत्येकाला पाठ होतं. पोरांची थट्टा हळूहळू बंद झाली. फोटोकडे बघताना पोरं बोट मुडपायला लागली. ती सवय एवढी लागली की तपासणीच्या टेबलावर बेल्टमधली चूकसुद्धा मुडपलेल्या बोटानेच दाखवायची. बाहेरून पाहणीला आलेल्या पाहुण्यांना वाटलं, ही सुरक्षेची काही नवी पद्धत असावी. त्यांनी ती टिपून नेली. सुजितसुद्धा एकदा फोटो मोठा करून बघत राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काका, स्लॅबला काही होणार नाही ना?"

इकडे स्लॅबवर मात्र लिंबाचं मोसंबं झालं आणि मोसंब्यावर थांबलं.

भैरू घाबरला नाही. त्याने खुराक वाढवला. देहूकडच्या गोठ्यातून शेण आणलं. परवीनकडून, म्हणजे युनूसच्या बायकोकडून, मासे धुतलेलं पाणी आणलं. गूळ-बेसनाचं पाणी कुजवून घातलं. दिवसातून दोनदा तो शिंक्यातल्या बेल्टचा ताण बघायचा आणि मान हलवून म्हणायचा, "आतनं तयारी चाललीय."

एके दिवशी परवीन कढीपत्ता मागायला स्लॅबवर आली. तिवई, साखळी, पुली, शिंकं असं सगळं वरून खाली बघत तिची नजर मोसंब्यावर आली.

"वहिनी, हे तर माझ्या बियांचं."

"हळू बोल," मंजुळाबाईने जिन्याकडे बघितलं. "ह्यांच्या बियांची पुरचुंडी शर्टात राहिली आन शर्ट गेला मशीनमधी. बियांना साबणाचा वास आन शर्टाला राखेचा रंग. पेरल्या ह्यांनी, पर एक उगवायला तयार न्हाई. रोज सकाळी पिंपात तोंड घालून बसायचे. मला बघवंना. म्हणून तू दिलेल्या खुपसल्या."

"पण ह्याची जातच लहान आहे."

"किती लहान? तुझ्या माहेरी केवढं होतं?"

परवीनने मूठ मिटली. मग जरा सैल सोडली. "पाऊस चांगला झाला तर एवढं."

दोघी शिंक्याकडे बघत उभ्या राहिल्या. ते पिकायला लागलं होतं, एका अंगाला केशरी झाक आली होती, आणि सीटबेल्टात ते इतकं ऐटीत बसलं होतं की आता गाडी सुटणारच.

"सांगून टाका त्यांना," परवीन म्हणाली.

"सांगते. जरा फुगायचं थांबू दे."

"वहिनी, थांबलंय ते."

"ते न्हाई. हे."

त्याच दिवसांत युनूसच्या गॅरेजमध्येही दोन चमत्कारिक गोष्टी चालल्या होत्या. एक म्हणजे, सकाळी शटर उघडलं की कुठल्यातरी गाडीचं इंजिन चालू असल्याचा आवाज यायचा. अगदी सुरेल, एका लयीत, कुठेही खडखड नाही. युनूस प्रत्येक गाडीची चावी तपासायचा. सगळ्या बंद. "एवढं चांगलं इंजिन आपल्याकडे दुरुस्तीला कशाला येईल," असं म्हणून तो कामाला लागायचा. दुसरी गोष्ट म्हणजे, ऑक्टोबरच्या उन्हात ज्या पत्र्याखाली दरवर्षी माणूस भाजून निघायचा, तो यंदा तापेचना. पावसाआधी युनूसने पत्र्याला आतून रंग दिला होता. त्या रंगाची तो येईल त्या गिऱ्हाइकाकडे तारीफ करायचा, आणि चार जणांनी त्याच्या शब्दावर तो रंग नेऊन आपल्या घरांना लावलासुद्धा. ते चौघं अजून घामाघूम आहेत.

निरोपाच्या आदल्या दिवशी सकाळी मंजुळाबाईने भैरूला चहा दिला आणि सगळं सांगितलं. शर्ट, मशीन, साबण, परवीन, मूठ.

भैरू शिंक्यासमोर उकिडवा बसला. सवयीने त्याने बेल्टचा ताण बघितला.

"म्हणजे उद्या माइक मलाच घ्यावा लागंल."

"अहो, हसण्यावारी बोलला असंल तो पोरगा. विसरला बी असंल."

"विसरला असता. म्याच रोज फोटो दाखवून आठवण ठेवली. सगळं खोटं म्हणायचं?"

"तसं ठरलंय तर…"

"बैलाचं म्हणतो. कासवाचं बी म्हणायचं का?"

मंजुळाबाई वेलाचं एक सुकलेलं पान खुडू लागली. "कासवाचं बी."

"कासव व्हतं गं," भैरू म्हणाला. "पोहरा न्हाई आणून द्यायचं. पर व्हतं."

एवढ्यात मागच्या बाजूला धाड असा आवाज झाला आणि पाठोपाठ युनूसची हाक आली. दोघं धावत जिना उतरून गॅरेजमध्ये गेले. उजेडासाठी पत्र्यांमध्ये बसवलेला प्लास्टिकचा तुकडा फुटला होता, आणि खालच्या गाडीच्या उघड्या बॉनेटमध्ये, बॅटरीच्या शेजारी, एक लहानसं, गोल, केशरी डांगर येऊन बसलं होतं. फुटक्या जागेतून आत आलेला एक तणावा बसायला जागा शोधत असल्यासारखा हलत होता. आणि ते चालू इंजिन आता स्पष्ट ऐकू येत होतं, डोक्यावरून.

युनूसने शिडी लावली. पुढे भैरू, मागे युनूस. मंजुळाबाई आणि आवाजाने धावत आलेली परवीन शिडी धरतो म्हणाल्या आणि न धरता मागोमाग चढल्या.

भैरूच्या स्लॅबवर पाण्याची टाकी आहे, आणि टाकीमागची बाजू कठड्यामुळे दिसत नाही. सगळ्यांचे डोळे शिंक्यावर असताना वेलाची एक फांदी गुपचूप टाकीखालून निघाली होती. टाकीच्या गळक्या पाइपपाशी ती भरपूर पाणी प्यायली, कठडा उतरली, आणि गॅरेजच्या पत्र्यावर आल्यावर तिला मोकळं रान मिळालं. ते शेण, ते माशांचं पाणी, तो गूळ, एका मोसंब्याला एवढं खाणं कुठे सोसणार? सगळं इकडे आलं होतं.

पत्रा दिसतच नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत पानंच पानं, एकेक पान परातीएवढं, आणि पानांच्या वर पिवळीधमक फुलं, उघडी, उन्हाकडे तोंड करून. प्रत्येक फुलात मधमाशी नाहीतर भुंगा. त्यांचाच तो आवाज. पायाखालचा पत्रा त्या आवाजाने हळूच थरथरत होता. युनूसने वाकून एक पान उचललं. खाली डांगर. दुसरं उचललं. खाली तीन. मग चौघेही पानं उचलत गेले, आणि कुठे हिरवं, कुठे पट्ट्यापट्ट्यांचं, कुठे पिवळं, कुठे उगवत्या सूर्यासारखं शेंदरी, अशी मुठीएवढी डांगरं सावलीत बसून त्यांच्याकडे बघत होती. मंजुळाबाईने मोजायला सुरुवात केली, थोड्या वेळाने तिचा आवाज बारीक झाला आणि मग तिने नुसते हात जोडले. परवीन तोंडातल्या तोंडात "माशाअल्लाह" म्हणाली. युनूस मटकन पत्र्यावर बसला आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की रंगाचा काही संबंध नव्हता.

मंजुळाबाई संसारात पहिल्यांदा भैरूला असा गप्प बघत होती. एवढं सगळं समोर होतं, पण चौघांतल्या एकाचंही बोट सरळ झालं नव्हतं.

शेवटी युनूसच म्हणाला, "दादा, शिफ्ट किती माणसांची आहे?"

दुपारपासून गल्लीतल्या बायका चाकू-विळ्या घेऊन बसल्या. साल इतकी कोवळी की काढायला नको. देठाकडून टोपी उडवायची, बिया काढायच्या, चार फोडी करायच्या. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता परवीनच्या घरातल्या मोठ्या डेगा गॅरेजसमोर चुलाणावर चढल्या. तेलात मोहरी, मेथीदाणे, ठेचलेला लसूण, मग फोडी, मग काळा मसाला, दाण्याचं कूट आणि शेवटी गुळाचा खडा. फार पिकलेली होती ती किसून मंजुळाबाईने त्यांचे घारगे तळले. भरल्या डेगा जागेवरून हलेनात, तेव्हा स्लॅबवरची चेनपुली उतरवली आणि तिनेच त्या युनूसच्या टेम्पोत चढवल्या. तिच्या सगळ्या कारकिर्दीत इंजिनांपेक्षा चांगल्या वासाची ही पहिलीच वस्तू.

त्या वासाचं काय सांगावं. चाकणच्या चौकात गाड्या रोजच थांबलेल्या असतात; त्या दिवशी त्या आपखुशीने थांबल्या. कितीतरी मोटारसायकली वळण विसरून टेम्पोच्या मागे कंपनीच्या गेटपर्यंत आल्या आणि वॉचमनने त्यांची नोंद पाहुणे म्हणून केली.

कँटीनमध्ये शिफ्ट जेवायला बसली. पहिल्या घासाला बोलणं थांबलं. दुसऱ्या वाढपाला माणसं उठून उभी राहिली. वाढून झालं, परत वाढून झालं, तरी डेगेत पळी बुडत होती. सुजितने स्वतःची ताटली पावाने पुसली, जाऊन डेगेत वाकून बघितलं, आणि सरळ माइक हातात घेतला.

"काका, कासव खरं," तो म्हणाला. "बैल खरा. सगळं खरं. शिफ्ट जेवली आणि भाजी उरली. असलं डांगर मी जन्मात पाहिलं नाही, आणि खरं सांगतो, न बघताच मानलं."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. युनूसने भैरूकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे आता गप्प बसा. भैरूने माइक घेतला. गप्प बसला असता तर सगळं मिळालं होतं. पण पत्र्यावर जे बघितलं होतं ते असं होतं, की त्यात आपल्या पदरचं काही घालायला त्याचा जीव होईना.

"मंडळी," तो म्हणाला, "ते डांगर मोठं नव्हतं."

कँटीनमध्ये हशा उसळला.

"खरंच सांगतो. एवढंच व्हतं." त्याने मूठ दाखवली. "पर लई व्हती. एकाच वेलाला. टाकीखालनं वेल गेला आन युनूसभाईच्या गॅरेजचा सगळा पत्रा झाकला. मधमाश्या अशा, की इंजिन चालू हाय वाटावं. एक तर पत्र्यातलं प्लास्टिक फोडून बॉनेटमधी पडलं."

हसून हसून पोरं बाकांवर आडवी झाली. एकाने डोळे पुसले. "काका, शेवटच्या दिवशी तरी सोडा की राव."

"अरं, देवाशपथ."

"मुठीएवढं? आणि शिफ्ट जेवली? काका, फोटो बघितलेत आम्ही. त्याला इंजिनाची साखळी लावली होती तुम्ही."

"युनूसभाई, तू सांग."

युनूस उठला, गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "खरं आहे," आणि त्याला भैरूपेक्षा मोठा हशा मिळाला.

भैरूने आशेने बायकोकडे बघितलं. मंजुळाबाईने पिशवी उघडली. निघताना तिने शिंक्यातलं ते मोसंबं, बेल्टच्या तुकड्यात गुंडाळून, देठासकट बरोबर घेतलं होतं. ती पुढे आली आणि तिने ते टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलं.

हसणं हळूहळू विरलं. माणसं पुढे सरकली. तोच बेल्ट. त्याच उभ्या रेषा. सुजित वाकला, फोटोतलं डांगर आणि टेबलावरचं डांगर मनातल्या मनात ताडून बघायला लागला, आणि त्याचा चेहरा उतरत चालला. त्याच्यामागे भैरूचा चेहरा उजळत चालला.

"म्हणजे काकू, हेच?" सुजितने विचारलं, आणि नकळत त्याचं बोट सरळ पुढे आलं.

मंजुळाबाईने नवऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या त्या सगळ्या पोरांच्या पडलेल्या चेहऱ्यांकडे एकदा बघितलं, मग सुजितचं बोट चिमटीत धरलं आणि मायेने मुडपलं.

"बोट नका दाखवू, साहेब," ती म्हणाली. "अजून वाढायचंय ते."